बोक्षीत आलेली वीतभर मुशी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून प्रश्न आला आहे. मार्चच्या उधाणाला घरच्या बोक्षीत, म्हणजे पाण्याच्या ओढीत लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, कोळंबीबरोबर अकरा छोट्या मुशी (लहान शार्क) आल्या. एकही धड वीतभर नाही, आणि दोन-तीन मुशींच्या पोटावर बारीक फट. गावातली मुलं रोज त्याच पाण्यात डुंबतात, आणि वैतरणा नदीत शार्क माणसाला चावल्याची बातमी ऐकल्यापासून घरोघरच्या आया धास्तावल्या आहेत. ही पिल्लं मोठी होऊन माणसाला चावणाऱ्या शार्कची आहेत का? मुलांना पाण्यात सोडावं का? आणि सापडलेल्या मुशीचं करायचं काय: खायची, विकायची की सोडायची?

मी गेली चोवीस वर्षं कोकणातल्या बंदरांवर उतरणारी मुशी आणि पाकटं मोजते, मापते, त्यांची नोंद ठेवते. फोटो नीट पाहिले. या अकराही मुशी माणसाला चावणाऱ्या जातीच्या नाहीत. पूर्ण वाढल्या तरी त्या अडीच फुटांच्या आतच राहतात. त्यांचं खाणं म्हणजे जवळा, कोळंबी, लहान मासे, छोटी माकुळ. पण उत्तर एवढ्यावर संपत नाही. ही पिल्लं तुमच्या खाडीत का आहेत हे कळलं तर पुढचे दोन प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हिचं शास्त्रीय नाव स्कॉलिओडॉन लॅटिकॉडस. आपल्याकडे नुसतं मुशी किंवा मोरी म्हटलं की बहुतेक वेळा टोपलीत हीच असते. ओळखायची खूण नाकावर आहे. वरून पाहिलं तर तोंडापुढचा भाग उलथन्याच्या पात्यासारखा रुंद आणि चपटा. पाठीवरचा पहिला पर बऱ्याच शार्कमध्ये छातीच्या परांच्या जवळपास असतो, हिचा मात्र पार मागे सरकलेला. दुसरा पाठपर इतका छोटा की घाईत दिसतही नाही. अंग राखाडी-तपकिरी, पोट पांढरं, कुठे ठिपका नाही की पट्टा नाही. जन्मताना ही १२ ते १५ सेंटीमीटरची असते, म्हणजे तुमच्या फोटोतल्या मुशी फार तर काही आठवड्यांच्या आहेत.

पोटावरची ती फट म्हणजे जखम नाही. ती बेंबी आहे. छातीच्या दोन परांच्या मधोमध, पांढऱ्या कातडीवर नखाने ओरखडा काढल्यासारखी. बाळाची नाळ सुकून पडते तशीच ही काही आठवड्यांत मिटते आणि मग पुसट रेघ तेवढी उरते. ज्यांची फट उघडी आहे त्या तुमच्या खाडीतच किंवा खाडीच्या तोंडाशी नुकत्याच जन्मलेल्या. एवढंसं पिल्लू काही खोल समुद्रातून पोहत येत नाही.

शार्कला नाळ असते हे ऐकून बरेच लोक चमकतात. मीही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ तिथून हलले नव्हते. धक्क्यावर एक मावशी मुशी सोलत बसल्या होत्या. त्यांनी कोयतीने एक जाडसर मादी चिरली आणि मला हाक मारली, "ताई, ही गाभण हाय बघ." गर्भाशयाच्या दोन नळ्या, आणि त्यांत बोटभर लांबीची पिल्लं ओळीने. प्रत्येकाच्या पोटातून एक दोरा निघून आईच्या अंगाला चिकटलेला. दोऱ्यावर बारीक केसांसारखे तंतू होते. मी तेरा मोजली. मुंबईजवळच्या माद्यांत सरासरी साधारण तेवढीच असतात. या जातीचं अंडं सगळ्या शार्कमध्ये सर्वांत लहान, जेमतेम एक मिलिमीटरचं. बाकीच्या बहुतेक शार्कच्या पिल्लांना अंड्यातल्या बलकाची शिदोरी मिळते. हिच्या पिल्लांना जवळजवळ काहीच मिळत नाही, म्हणून सुरुवातीपासून सगळं पोषण आईच्या रक्तातून येतं. माशांमध्ये इतकी प्रगत नाळ क्वचितच आढळते. ज्या माशाला आपण बाजारात सगळ्यांत स्वस्त ढिगात टाकतो, त्याची ही गोष्ट आहे.

आता हिशेब करा. बांगडा लाखांनी अंडी सोडतो. त्यातली बहुतेक मेली तरी बांगड्याचं काही अडत नाही. मुशी एका वेळी दहा-पंधरा पिल्लं घालते. मोठ्या जातींच्या काही शार्क तर पाच-सहाच पिल्लं घालतात, आणि तीसुद्धा दर वर्षी नाही. मग त्यातलं एकेक पिल्लू जगवावं लागतं. शार्क पिल्लांजवळ थांबत नाही, त्यांना भरवत नाही. आई म्हणून तिच्या हातात एकच गोष्ट असते: जन्म कुठे द्यायचा ती जागा. ती जागा म्हणजे उथळ उपसागर, खाडीचं तोंड, तिवरांच्या मुळांशी असलेलं गढूळ पाणी.

इथे माझी एक चूक सांगायला हवी, कारण तीच चूक आज गावोगाव होते आहे. कामाला लागले तेव्हा माझ्या वहीत एकच रकाना होता: 'मुशी, लहान'. खाडीतून आलेलं हातभर लांबीचं काहीही त्यात जायचं. स्कॉलिओडॉनची पूर्ण वाढलेली मादी त्यात, कानमुशीचं (हातोड्यासारख्या डोक्याच्या शार्कचं) पिल्लू त्यात, आणि दोन हात वाढायचं बाकी असलेलं दुसऱ्या मोठ्या जातीचं बाळही त्यातच. चार वर्षं मी असं लिहिलं. नंतर कुठली खाडी कुणाचं बाळंतघर आहे हे शोधायला बसले तेव्हा त्या चार वर्षांच्या वह्यांतून काहीच निघेना. आकडे होते, पण ते कुणाचे ते कळायला मार्ग नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक मुशी उलटी करून पोट पाहते आणि दुसरा पाठपर मोजते.

पिल्लांसाठी खाडीच का? पहिलं कारण भीती. शार्कच्या पिल्लाचा सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे मोठी शार्क. कमरेएवढ्या पाण्यात, चिखलात, मुळांच्या जाळ्यात मोठीला वळताही येत नाही. दुसरं कारण पोट. ओहोटीला चिखलावर जे उघडं पडतं ते तुम्ही रोज पाहता: निवट्या, खेकड्यांची पोरं, कोळंबीचं बी. भरती चढली की त्या चिखलावर ताट वाढलेलं असतं. तिसरं कारण ऊब. उथळ पाणी लवकर तापतं, आणि कोमट पाण्यात पिल्लू लवकर वाढतं.

आपल्या खाडीचं पाणी इतकं गढूळ की हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. मग मुशीला भक्ष्य सापडतं कसं? मुशीच्या नाकाखाली पाहा. सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं दिसतील, आणि दाबलं तर त्यातून पारदर्शक चिकट द्रव येतो. इटलीच्या स्टेफानो लॉरेन्झिनीने १६७८ मध्ये त्यांचं वर्णन केलं, पण ती कशासाठी आहेत हे कळायला विसावं शतक उजाडलं. प्रत्येक जिवंत स्नायूतून अतिशय क्षीण वीज निघते. चिखलात दडलेल्या कोळंबीचीही निघते. ती वीज या छिद्रांना कळते. गढूळ पाण्यात डोळ्यांनी शिकार करणारा मासा अडतो, मुशी अडत नाही. तुमच्या खाडीचा गढूळपणा तिच्या सोयीचाच आहे.

मात्र पिल्लं दिसली म्हणून लगेच त्या जागेला बाळंतघर म्हणत नाहीत. २००७ मध्ये मिशेल ह्यूपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन कसोट्या मांडल्या, आणि जगभर आज त्याच वापरतात. आजूबाजूच्या पाण्यापेक्षा तिथे पिल्लं जास्त दिसली पाहिजेत. ती तिथे बराच काळ राहिली पाहिजेत किंवा पुन्हा पुन्हा आली पाहिजेत. आणि हे वर्षानुवर्षं घडलं पाहिजे. तिसरी कसोटी सगळ्यांत अवघड. तिला कुणाच्या तरी सलग नोंदी लागतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक खाड्यांत त्या कुणी ठेवलेल्या नाहीत. तुमचा निरोप मला म्हणूनच मोलाचा वाटतो.

अशा नोंदी ठेवल्या तर काय हाती लागतं त्याचं उदाहरण बहामातल्या बिमिनी बेटाचं. तिथल्या तिवरांच्या उथळ खाजणात लेमन शार्कची पिल्लं वाढतात. सॅम्युएल ग्रुबर यांनी १९९० मध्ये तिथे संशोधन केंद्र काढलं. दर वर्षी पिल्लं जाळ्यात धरायची, पराचा तुकडा घ्यायचा, खुणेची चिप बसवायची, सोडून द्यायची. २०१३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: १९९३ ते १९९७ या काळात तिथे जन्मलेल्या किमान सहा माद्या १४ ते १७ वर्षांनी पिल्लं घालायला पुन्हा त्याच खाजणात आल्या होत्या. मधल्या काळात त्या समुद्रभर हिंडल्या आणि बाळंतपणाला माहेरी आल्या. याला मराठीत दुसरा शब्द मला सापडलेला नाही. आणि माहेर बुजवून टाकलं तर अशी लेक दुसरीकडे जाते की जातच नाही, हा प्रश्न मला आपल्या किनाऱ्यावर फार वेळा पडतो.

आता तुमच्या मूळ भीतीकडे येते. तिची वाट स्वयंपाकघरातून जाते.

मुशी उशिरा साफ केली तर तिला उग्र वास येतो, मुतारीसारखा. तो अमोनियाचा. समुद्राचं पाणी खारं असतं, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ. माशाचं रक्त त्यामानाने फिकं. त्यामुळे अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. बांगडा, सुरमई समुद्राचं पाणी पीत राहतात आणि मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतात. शार्कने निराळी युक्ती काढली. जो युरिया आपण लघवीतून फेकून देतो तो ती रक्तात साठवते, माणसाच्या कितीतरी पटींनी. रक्त समुद्राइतकंच दाट झालं की पाणी बाहेर जात नाही. जास्तीचं मीठ टाकायला आतड्याच्या शेवटी एक ग्रंथी असते. मुशी मेली की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात, आणि तोच वास. म्हणून मोरीला चिंच, कोकम, आगळ लागतं. आंबट पडलं की अमोनिया बांधला जातो, उडत नाही. गोव्यातलं मोरीचं आंबट-तिखट कालवण ज्या कुणी पहिल्यांदा केलं, तिने हे रसायनशास्त्र चाखून शिकून घेतलं होतं.

हाच युरिया गोड्या पाण्यात उलटा फिरतो. दाट रक्ताची शार्क नदीत शिरली की बाहेरचं पाणी तिच्या अंगात घुसायला लागतं, ती फुगायला लागते. म्हणून बहुतेक शार्क खाडीच्या तोंडाशीच थांबतात. तुमची स्कॉलिओडॉन थोडं मचूळ पाणी सोसते, पण गोड्या पाण्यात राहत नाही.

माणसाला चावू शकणाऱ्या मोठ्या शार्कपैकी बुल शार्कला मात्र ते जमतं. नदीत शिरली की तिच्या रक्तातला युरिया जवळपास निम्म्यावर येतो. मूत्रपिंडं भरपूर पातळ लघवी बाहेर टाकतात, मिठाची ग्रंथी मंदावते, आणि कल्ले पाण्यातलं थोडंसं मीठ आत ओढून घेतात. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा सरोवरातल्या शार्कना पूर्वी वेगळी, कोंडून पडलेली जात समजत. १९६०च्या दशकात थॉमस थॉर्सन यांनी त्यांना खुणेच्या चकत्या लावल्या. सरोवरात खूण केलेल्या शार्क जवळपास २०० किलोमीटर नदी उतरून समुद्राशी सापडल्या आणि समुद्राकडच्या सरोवरात. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ १९९६ च्या पुरात सहा बुल शार्क एका गोल्फच्या मैदानावरच्या तळ्यात अडकल्या आणि तिथे किमान १७ वर्षं राहिल्या.

बुल शार्क नदीत शिरते ती मुख्यतः पिल्लांसाठी. मादी नदीच्या मुखाशी पिल्लं घालते आणि परत जाते. पिल्लं काही वर्षं खाडीत, नदीत काढतात, कारण तिथे त्यांना खाऊ शकणारी दुसरी शार्क पोचत नाही. जन्मताच ही पिल्लं ५६ ते ८१ सेंटीमीटरची असतात, म्हणजे दोन फुटांच्या आसपास. तुमच्या मुशी पूर्ण वाढल्यावर जेवढ्या होतील जवळपास तेवढं तिचं नवजात बाळ. त्यामुळे वीतभर मुशी बुल शार्कची असूच शकत नाही. दोन फुटांची सापडली तर नाक पाहा. बुल शार्कचं नाक आखूड आणि बोथट, वरून पाहिलं तर वाटीच्या कडेसारखं गोल. डोळे लहान. दुसरा पाठपर चांगला ठळक, आणि पहिला पर पुढे, छातीच्या परांच्या मागच्या टोकाशी सुरू होणारा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेत मासेमारीसाठी उतरलेल्या एका तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला, आणि त्याचा पाय गेला. त्या कुटुंबावर जे ओढवलं त्यापुढे 'हे फार दुर्मीळ आहे' असं म्हणणं अपुरं वाटतं, पण ते खरं आहे. माणसाने न डिवचता शार्क चावल्याच्या घटना साऱ्या जगात मिळून वर्षाला ६० ते ७० च्या आसपास नोंदल्या जातात. आपल्या खाड्यांत हजारो माणसं रोज कमरेएवढ्या पाण्यात उभी असतात: पाग टाकणारे, कालवं काढणाऱ्या, चिंबोऱ्या धरणारे. त्यांना सगळ्यांत जास्त इजा होते ती पाकटाच्या काट्याने, आणि जीव जातो तो ओहोटीच्या ओढीने.

म्हणून मुलांना पोहू द्या. पण काही गोष्टी पाळा. भल्या पहाटे आणि तिन्हीसांजेला खोलगट पात्रात उतरू नका, मोठी मुशी तेव्हाच खायला फिरते. जिथे मासळी साफ करून आतडी पाण्यात फेकतात तिथे पोहायचं नाही. खरं तर घाट पोहण्याचा असेल तर तिथे मासळीच धुवायची नाही, हा नियम गावाने करावा. जाळं ओढत असताना मुलं लांब. पकडलेले मासे कमरेला बांधून पाण्यात चालायची सवय कोकणभर आहे, ती मला धोक्याची वाटते. त्यापेक्षा तरंगती टोपली लांब दोरीने मागे ठेवा. उथळात चालताना पाय उचलून न टाकता तळ घासत चाला, म्हणजे पाकट आधीच सरकतं. पाण्यात मोठी शार्क दिसली, अगदी अडकलेली वा अर्धमेली वाटली, तरी बघायला कुणी उतरू नये. आणि चावा झालाच तर जखमेवर कापडाने गच्च दाब द्या. रक्त थांबत नसेल तर जखमेच्या वर, मांडीला किंवा दंडाला रुंद पट्टा आवळून बांधा, किती वाजता बांधला ते लक्षात ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा. हळद-चुना भरत वेळ घालवू नका.

बुल शार्कचा विषय निघाला की आणखी एका शार्कचं नाव घ्यावं लागतं: गंगा शार्क. ही खरीखुरी नदीमुखाची शार्क. तिच्याबद्दल फार कमी माहिती आहे, आणि खात्रीने ओळखलेले नमुने जगभरात फारच थोडे आहेत. दहा वर्षं कुणाला एकही दिसली नव्हती, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये २६६ सेंटीमीटरची एक मादी उतरली ती मुंबईत, ससून डॉकवर. रोज हजारो टोपल्या जिथे पालथ्या होतात तिथे ती मासळीच्या ढिगात पडली होती, आणि योग्य नजर तिथे होती म्हणूनच ओळखली गेली. बुल शार्कशी हिचं साम्य इतकं की आजवर किती जणींची नोंद चुकीच्या नावाने झाली असेल ते सांगणं कठीण. तिचे डोळे फारच बारीक, आणि दुसरा पाठपर पहिल्याच्या निम्म्याएवढा उंच. सुंदरबनात शार्कला 'कामट' म्हणतात. खाडीत कोळंबीचं बी गोळा करणाऱ्या बायकांच्या तोंडी तिचं नाव असतं. त्या कामटांमधल्या कुठल्या बुल शार्क आणि कुठल्या गंगा शार्क, हाही त्याच ओळखीचा प्रश्न आहे.

कायद्याचं थोडक्यात. व्हेल शार्क, गंगा शार्क, करवत मासा यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं वाघाइतकं संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीत ही यादी वाढली. शार्कचे पर समुद्रातच कापून धड टाकून देण्यावर २०१३ पासून बंदी आहे, आणि परांची निर्यात २०१५ पासून बंद आहे. तुमची स्कॉलिओडॉन संरक्षित नाही, ती पकडणं किंवा खाणं गुन्हा नाही.

मग खायची का? मोठी झालेली खा. मी स्वतः खाते. ही जात एक-दोन वर्षांत वयात येते, मुंबईच्या पाण्यात जवळजवळ वर्षभर विते, आणि मोठ्या शार्कच्या मानाने मासेमारीचा ताण जरा बरा सोसते. पण वीतभर पिल्लं विकू नका. अकरा मिळून कालवणाला पुरत नाहीत, बाजारात त्यांचे चार पैसे येत नाहीत, आणि त्यांतल्याच माद्या मोठ्या झाल्या की प्रत्येकी दहा-बारा पिल्लं घालतील. बोक्षी भरतीच्या तोंडावर लवकर उचलली तर पिल्लं जिवंत असतात. आधी ती पाण्यात, मग कोळंबी निवडायची. एवढा क्रम बदलला तरी खूप झालं.

बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीचं कालवण द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. आमच्याही घरी होती. एका जातीचं तर इंग्रजी नावच त्यावरून दूधमुशी अशा अर्थाचं पडलं आहे. ताजी मोरी पचायला हलकी आणि प्रथिनांनी भरलेली, त्यामुळे बाळंतिणीला अंगात ताकद वाटणं साहजिक आहे. मात्र एक गोष्ट आजीच्या काळी माहीत नव्हती. शार्क मोठी आणि वयस्कर असेल तितका तिच्या मांसात पारा साठलेला असतो, आणि तो गर्भाच्या व तान्ह्या बाळाच्या मेंदूला घातक असतो. अमेरिकेतल्या अन्न आणि औषध प्रशासनाचा सल्ला स्पष्ट आहे: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी शार्क टाळावी. लहान, थोड्या आयुष्याच्या मुशीत पारा मोठीपेक्षा कमी साठतो, पण बाजारात तुकडे करून ठेवलेली मोरी कशाची आहे हे तुकड्यावरून सांगता येत नाही. म्हणून बाळंतिणीला मोरीऐवजी मांदेली, बोंबील, कोळंबी द्या.

मोठी शार्क, लांज (पाकटाच्या कुळातला लांबट चपटा मासा) किंवा करवत मासा जिवंत अडकला तर शेपटीला धरून उचलू नका. पाण्याबाहेर लटकवलं की त्यांच्या आतल्या अवयवांना इजा होते, कारण शार्कला बरगड्यांचा पिंजरा नसतो. कल्ल्यांच्या फटींत बोटं घालू नका. जनावर पाण्यातच ठेवून जाळं कापा. संरक्षित जनावर सोडताना कापलेल्या जाळ्याची २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळण्याची योजना राज्याच्या कांदळवन कक्षाने मत्स्यव्यवसाय विभागाबरोबर राबवली आहे. त्यासाठी सोडतानाचे फोटो किंवा चित्रफीत लागते. मला भेटणाऱ्या तांडेलांपैकी कितीतरी जणांना हे ठाऊकच नसतं. तुम्ही गावात सांगा.

पिल्लं सोडून भागणार नाही हेही खरं. खाडीचं बाळंतघर टिकतं ते चिखल, तिवर आणि वरून येणारं गोडं पाणी या तिघांच्या मेळावर. पावसाळ्यात लोंढा खाडी धुऊन काढतो, मुशी तोंडाकडे सरकतात. पाऊस सरला, नदी आटली की खारं पाणी पुन्हा आत चढतं आणि त्यामागे कोळंबी, त्यामागे पिल्लं. वरच्या अंगाला पाणी अडलं, भराव टाकून खाजण बुजवलं, वाळू उपसून उथळाचं खोल पात्र केलं की हा मेळ बिघडतो. खोल पात्रातून मोठी शार्क थेट आत येऊ शकते, हे मुलांच्या काळजीपोटी विचारणाऱ्या तुमच्यासारख्यांनी ग्रामसभेत बोलून दाखवावं असं मला मनापासून वाटतं. जगातल्या शार्क, पाकटं आणि त्यांच्या भाईबंदांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जाती आज संकटात आहेत, आणि त्यांतल्या किनाऱ्यालगतच्या कितीतरी जातींचं भवितव्य अशा छोट्या खाड्यांवर अवलंबून आहे.

पुढच्या उधाणाला बोक्षी लावाल तेव्हा माझ्यासाठी एवढं करा. आलेल्या मुशीचा एक फोटो कुशीवरून, एक वरून नाकाचा, एक पोटाचा. शेजारी आगपेटी ठेवा म्हणजे माप कळेल. तिथी, भरतीची वेळ, आणि बोक्षी तोंडापासून साधारण किती आत लावली होती ते वहीत लिहा. सगळ्यांचे फोटो काढत बसू नका, दोघी-तिघींचे पुरेत, बाकीच्या लगेच पाण्यात. पण आकडा सगळ्यांचा लिहा, आणि त्यातल्या किती जणींच्या पोटावरची फट अजून उघडी होती तेही.